कानात आवाज येत असल्यास कारण कसे शोधावे

कानात शिट्टी किंवा रातकिड्यांसारखी किरकिर सतत ऐकू येऊ लागली, तर ती एका कानात आहे की दोन्ही, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर येते का, हे प्रथम लिहून ठेवावे.

कोकणात आधी विचार करावा तो कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाचा. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी रात्र काढणारे खलाशी आणि चिरेखाणीत जांभा कापणाऱ्या यंत्रावर उभे राहणारे कामगार ही किरकिर थकव्यावर ढकलतात, परंतु अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर असतो. तेथे कानात आवाज रोखणारे बोळे (इअरप्लग) घालूनच काम करावे.

विहिरीत डुंबल्यानंतर दडा बसून आवाज सुरू झाला असेल, तर मळ फुगल्याची शक्यता अधिक. अशा वेळी काडी घालू नये आणि कोमट खोबरेलही सोडू नये, कारण पडद्याला छिद्र असल्यास त्याने अपाय होतो; मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

वाढते वय, उच्च रक्तदाब, तसेच मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन किंवा जेंटामायसिनसारखी औषधे हीदेखील कारणे असतात. मात्र औषध परस्पर बंद करू नये.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, मग त्यासाठी रत्नागिरी गाठावी लागली तरी चालेल.