खारा वारा आणि जुना कॅमेरा : कोकणात या चुका टाळा

चतुर्थीला गावचं घर उघडलं की माळ्यावरच्या ट्रंकेतून कधीतरी एखादा कॅमेरा निघतो. आमच्याकडे निघाला तो याशिका इलेक्ट्रो ३५, मामांनी कुवेतहून आणलेला. चामड्याची केस, वरून गुंडाळलेलं मऊ फडकं, सोबत दोन डांबर गोळ्या. इतक्या मायेने ठेवलेला कॅमेरा, पण भिंग उजेडाकडे धरलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले. बुरशी. फोटोंचा धूसरपणा साफ केल्यावरही पूर्ण गेला नाही, कारण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता.

तेव्हापासून गावात, पाहुण्यांकडे असे बरेच कॅमेरे पाहिले. कोकणात जुने कॅमेरे जास्त करून कपाटातच खराब होतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चामड्याच्या केसमध्ये जपून ठेवणे

चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते. आपल्याकडे मिरगापासून दसऱ्यापर्यंत आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. केस शोभेला वेगळी ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला म्हणजे झालं. त्याहून फार कोरडं करू नका, आतलं वंगण सुकतं.

सिलिका जेलचा रंग बदलला की त्याने भरपूर ओल ओढली असं समजायचं. मंद आचेवर कढईत परतून घेतलं की ते पुन्हा कामाला येतं. पावसाळ्यात मला दर दोन-तीन आठवड्यांनी हे करावं लागतं. जेलऐवजी तांदूळ ठेवणारे भेटतात. तांदूळ फार ओल ओढत नाहीत, पीठ मात्र सोडतात. डांबर गोळ्या तर डब्याच्या आसपासही नकोत, त्यांची वाफ फिल्मला बाधते.

आणि कॅमेरा हाताळत राहा. महिन्यातून एकदा बाहेर काढा, प्रत्येक वेगावर शटर (फोटोपुरता उजेड आत सोडणारी पाती किंवा पडदा) चार-पाच वेळा उडवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात वंगण घट्ट होतं आणि आधी संथ वेग अडकतात. अडकलेल्या शटरवर गंज सोडवायचा स्प्रे कधीही मारू नका. ते तेल पात्यांवर पसरतं आणि साध्या दुरुस्तीचं मोठं काम होऊन बसतं.

न तपासता रोल भरणे

ट्रंकेतून निघालेल्या कॅमेऱ्यात थेट रोल भरायची घाई सगळ्यांनाच होते. रोल आता स्वस्त नाहीत, म्हणून आधी पंधरा मिनिटं द्या. मागचं झाकण उघडा आणि कडेच्या खाचांमधला काळा फोम बोटाने चाचपा. तो चिकट डांबरासारखा झाला असेल तर उजेड आत शिरणार आणि फोटोंवर केशरी पट्टे उमटणार. नवा फोम घरी बसवता येतो, काम सोपं आहे. मग झाकण उघडं ठेवूनच भिंगातून आरपार बघत शटर उडवा, १ सेकंद आणि १/५०० यांतला फरक डोळ्यांना कळला पाहिजे. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत पडद्यामागे टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले तर पडद्याला भोकं आहेत. समुद्रावर असा कापडी पडद्याचा रेंजफाइंडर (ज्यात भिंगातून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतात तो कॅमेरा) भिंग उघडं ठेवून सूर्याकडे तोंड करून ठेवला तर अशी भोकं काही क्षणांतही पडू शकतात. मावळतीचे फोटो काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

इलेक्ट्रो ३५ असेल तर फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढताना शेवटी ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐका. येत नसेल तर आतली रबराची गादी झिजली आहे, ती आधी बदलून घ्या.

बॅटरीचं प्रकरण थोडं किचकट आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. तिच्या जागी १.५ व्होल्टची साधी बसवली तर बऱ्याच कॅमेऱ्यांचा मीटर (उजेड मोजणारा भाग) उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी कड्यात बसवून वापरा, तिचं व्होल्टेज पाऱ्याच्या बॅटरीच्या जवळ जातं. ती काही आठवडेच टिकते, पण औषधाच्या दुकानातही मिळू शकते. इलेक्ट्रो ३५ ला मुळात ५.६ व्होल्ट लागायचे. तिथे अडॅप्टर घालून ६ व्होल्टची बॅटरी चालते. बॅटरी नसेल तर हा कॅमेरा प्रत्येक फोटो १/५०० वरच काढतो. काम झालं की बॅटरी काढून ठेवा.

रोल पकडला की नाही, हे न बघणे

माझा पहिला रोल वेंगुर्ल्याच्या बंदरावर काढला होता. धुवून आला तो कोरा. फिल्मचं टोक दात्यांवर बसलंच नव्हतं आणि छत्तीस वेळा शटर हवेत उडलं होतं. त्यात मामांचे फोटो होते, पुन्हा तसे काढायची संधी मिळाली नाही. झाकण लावल्यावर रिवाइंडची चावी हलकेच फिरवून फिल्मची ढील काढा, मग पुढच्या फोटोसाठी खटका ओढताना ती चावी उलटी फिरते का ते बघा. फिरली तर रोल पुढे सरकतोय.

रेंजफाइंडरमध्ये भिंगावरचं झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं. मीटरही वेगळ्या डोळ्याने बघत असेल तर तोही इशारा देत नाही. बाहेर पडलो की मी झाकण पिशवीत टाकतो. रोल संपत आल्यावर खटका जड लागला तर जोर लावू नका, फिल्म डबीतून सुटते. खालचं बटण दाबून रोल गुंडाळा.

किनाऱ्यावर मीटरवर आंधळा विश्वास

मीटरला समोरचं सगळं मध्यम राखाडी वाटतं. पांढरी वाळू, चमकतं पाणी दिसलं की तो उजेड कमी करायला सांगतो आणि रापण ओढणाऱ्यांचे चेहरे काळे पडतात. अशा वेळी उन्हात स्वतःचा तळहात मोजा आणि एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड द्या. मीटरच नसेल तर जुना नियम: भर उन्हात भिंगाचं छिद्र एफ/१६ वर, आणि शटरचा वेग फिल्मच्या एएसएइतका (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो डबीवरचा आकडा). २०० ची फिल्म असेल तर १/२५०.

तिथून चार पावलं चालून सुपारीच्या वाडीत शिरलात की उजेड चार-पाच स्टॉप खाली येतो. डोळे लगेच सरावतात, म्हणून ही चूक हटकून होते. तिथे त्याच फिल्मला एफ/४ आणि १/१२५ लागतं. शंका असेल तर निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्तच द्या, ती जास्त सहन करते. कमी पडला तर सावल्यांत दाणे सोडून काही उरत नाही.

४०० चा रोल सगळीकडे चालतो, हा समजही सोडा. दुपारच्या किनाऱ्यावर १/५०० पर्यंतच वेग असलेला कॅमेरा त्याला कसाबसा पुरतो. आजोबांचा आग्फा क्लिक थ्री असेल तर १०० चाच घ्या, त्याच्या शटरला एकच वेग आहे आणि तोही संथ. त्याचा रोल १२० या मापाचा (हा एएसए नव्हे), तो सावलीत भरा, मागच्या लाल खिडकीवर ऊन पडू देऊ नका. रात्री दशावतार काढायचा असेल तेव्हा ४०० खुशाल घाला. गरज पडली तर अख्खा रोल १६०० समजून काढा आणि लॅबला तसं लिहून द्या. फक्त कॅमेऱ्याची एएसएची तबकडी तिथवर जाते का ते आधी बघा, पहिल्या इलेक्ट्रोची जात नाही.

खारं पाणी सदऱ्याला पुसणे

मालवणहून सिंधुदुर्गाला होडीने जाताना तुषार उडणारच. ते सुकले की मिठाचे बारीक खडे राहतात आणि कोरड्या कापडाने घासले तर भिंगावर ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने उडवा, मग डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलावलेल्या कापडाने टिपा, मग कोरडं करा. भिंगापुढे साधा यूव्ही फिल्टर असला तर जीव निम्मा हलका होतो. होडीत रोल बदलू नका.

फ्रीजमधला रोल डबीतून लगेच काढू नका. दमट हवेत त्यावर पाणी धरतं, बंद डबी दोन-तीन तास बाहेर ठेवा आणि मग उघडा. काढलेला रोल गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका आणि कपाटात पावसाळा काढायला तर मुळीच ठेवू नका. मी मे महिन्यातले सगळे रोल मिरगाआधी मुंबईला धुवायला पाठवतो. एखाद्यात सात-आठ फोटो शिल्लक असले तर खळ्यातल्या गुरांचे, आंब्याच्या पेट्यांचे, शेजारच्या काकूंचे फोटो काढून तो संपवतो.