सोलापुरात छोटा टीव्ही घेताय? आधी छत्री, मग बॅटरी, पडदा शेवटी

आप्पा एप्रिल-मेमध्ये वस्तीवरच झोपतात. कुंभारीच्या पुढं, अक्कलकोट रोडपासून जरा आत, पत्र्याची एक खोली, बाहेर बाज आणि लिंबाचं झाड. पण रात्रीच्या बातम्या चुकवायच्या नाहीत. म्हणून मी मोठ्या हौसेनं ऑनलाइन एक १० इंची 'पोर्टेबल डिजिटल टीव्ही' मागवला. आत बॅटरी, मागं ओढून लांब करायची अँटेनाची दांडी, सगळं झकास. बाजेवर ठेवला, दांडी ओढली, ऑटो स्कॅन लावलं. पट्टी शंभरापर्यंत सरकली आणि पडद्यावर आलं : चॅनेल शून्य. दांडी फिरवली, झाडाला टेकवली, पत्र्यावर चढून हातात धरली. शून्यच. आप्पा शांतपणे म्हणाले, "राहू दे. एवढी लांब दांडी हाय तर टॉवेल वाळत घालू."

सेट बिघडलेला नव्हता. चूक माझी होती. पडदा बघून घेतला, चित्र येणार कुठून हे विचारलंच नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम : चित्र कुठून येणार ते ठरवा

चाळिशी ओलांडलेल्यांच्या डोक्यात अजून ते १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट 'पोर्टेबल' आहे. दोन काड्यांचा अँटेना, थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं, मुंग्या कमी झाल्या की बास. ते दिवस गेले. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं २०२२पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली, मोक्याच्या मोजक्या जागा तेवढ्या ठेवल्या. त्याआधी २०१६मध्ये दूरदर्शननं १६ शहरांत अँटेनावर दिसणारी नवी डिजिटल सेवा सुरू केली, तिचं तंत्र डीव्हीबी-टी२. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद होतं. सोलापूर नव्हतं.

त्यामुळं खोक्यावर डीव्हीबी-टी२ लिहिलंय म्हणून इथं जादा पैसे मोजू नका. आणि एटीएससी किंवा आयएसडीबी-टी लिहिलं असेल तर तो सेट अमेरिकेच्या किंवा जपान-ब्राझीलच्या बाजारासाठी बनलाय. त्याची दांडी भारतात कुठंच कामाची नाही.

मग राहतात तीन वाटा. डिश छत्री आणि डबा (सेट-टॉप बॉक्स), मोबाईलचं नेट, किंवा पेनड्राइव्हवर भरून नेलेलं. घरात केबल असेल तर प्रश्नच नाही, केबलच्या डब्याची पिन लावा आणि बघा.

नेटचं थोडक्यात सांगतो. स्मार्ट सेटला मोबाईलचा हॉटस्पॉट दिला की चालतं, पण साधारण बऱ्या चित्राला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर क्रिकेटचा अख्खा सामना संपत नाही, डेटा संपतो. गर्दीत तर विसराच. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मी हे करून पाहिलंय. पाळणा दोनदा फिरून आला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.

वस्तीवर, दुकानात, राखणीच्या खोलीत सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे डीडी फ्री डिश, दूरदर्शनची उपग्रहावरून छत्रीवर येणारी सेवा. २००४पासून चालू आहे आणि महिन्याचं भाडं नाही. एकदा छत्री आणि डबा घेतला की सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स आणि बरीच खासगी चॅनेलं फुकट.

सेटच्या पाठीमागची भोकं बघा

दुकानदार पुढून दाखवतो, तुम्ही मागून बघा. एचडीएमआयचं भोक हवं. एव्हीचं भोक हवं, कारण जुने डबे लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिनांवरच चालतात. हेडफोनचं भोक हवं. त्याचं महत्त्व ज्यांच्या घरात यंत्रमागाची खडखड चालते त्यांना सांगायला नको.

छोट्या सेटमध्ये तीन पिनांची जागा नसते, म्हणून हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि सोबत एक टोकाची, तीन शेपट्यांची वायर येते. ती वायर हरवू नका. बाजारात तशीच दिसणारी दुसरी मिळते, पण त्या बारीक पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. माझ्याकडं असंच झालं. वायर बदलली आणि चित्र काळं, आवाजाच्या जागी घूंऽऽ. मी डबा उघडायच्या बेतात होतो. नव्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं वायर हातात घेतली, पिवळी शेपटी काढून लालच्या जागी लावली आणि चित्र आलं. "डब्याला कशाला शिव्या देताय मालक?" एवढंच म्हणाला, पैसेही घेतले नाहीत.

किती इंच?

यावर लोक फार वेळ घालवतात. एकटा माणूस, हातभर अंतर : १० ते १५ इंच. खोलीत तिघं-चौघं, चार-सहा फुटांवरून : २४ इंच. त्याहून मोठा घेतला की तो उचलून नेण्याचा टीव्ही राहत नाही. फ्री डिशवरची बहुतेक चॅनेलं साध्या दर्जाचीच येतात, त्यामुळं १३६६ बाय ७६८चा पडदा पुरतो. फुल एचडीच्या नावाखाली जादा पैसे देऊ नका.

एक चाचणी मात्र दुकानातच करा. सेट चालू करून खाली बसा आणि खालून वर बघा. हलक्या पडद्यावर माणसांचे चेहरे काळवंडतात, रंग उलटे दिसतात. बाजेवर आडवं पडून बघणाऱ्याला हाच त्रास होतो. आणि दिवसा उघड्यावर बघायचं असेल तर मनाची तयारी ठेवा. सोलापूरच्या उन्हासमोर या पडद्यांचं काही चालत नाही, सावलीत पाठ भिंतीला लावूनच ठेवावा लागतो. मागच्या चिकटपट्टीवर बीआयएसची खूण आणि 'आर-'नं सुरू होणारा क्रमांक आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

वीज : इथं वही-पेन्सिल घ्या

घरी इन्व्हर्टर असेल तर हा भाग सोडून द्या. वस्तीवरच्यांनी वाचा. शेतीच्या लाइनीचं वेळापत्रक कधी दिवसाचं, कधी रात्रीचं. बातम्यांच्या वेळेशी त्याचं काही देणंघेणं नाही.

सेट १२ व्होल्टवर चालणारा घ्या, म्हणजे ज्याचा अॅडॉप्टर बाहेर असतो तो. डबाही तसाच, १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरचा घ्या; काही डब्यांना थेट २३०ची वायर असते, ते वस्तीला नकोत. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसणाऱ्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, लागणारे १३ आणि १८ व्होल्ट डबा स्वतः तयार करून देतो, त्याची काळजी नको.

आता हिशेब. २४ इंची सेट साधारण २५ वॅट, डबा ८ वॅट, मिळून ३३. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. भागाकार अडीच तास सांगतो, पण ही बॅटरी तळापर्यंत ओढली तर लवकर मरते. दीड तास धरा. १० इंची सेट १० वॅटच्या आत-बाहेर चालतो, तो त्याच बॅटरीवर डब्यासकट तीनेक तास जातो.

पॉवर बँकेच्या आकड्याला भुलू नका. २०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा. त्याचे वॅट-तास ७४, हातात येतात ६०च्या आसपास. शिवाय साध्या यूएसबीतून ५ व्होल्टच निघतात, १२ व्होल्ट देणारी पॉवर बँक आणि तिची खास वायर वेगळी मागावी लागते.

जोडताना तीन गोष्टी पाळा. अॅडॉप्टरवरच्या गोलाच्या चित्रात अधिकची खूण मध्ये आहे की बाहेर ते बघून पिन लावा, उलटी लागली तर सेट गेला. बॅटरीच्या वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज घाला. आणि गाडीच्या लायटरच्या भोकातून थेट चालवू नका. इंजिन चालू असताना तिथं १४ व्होल्टच्या वर मिळतात आणि नुसतं '१२ व्होल्ट' लिहिलेले सगळे सेट ते सोसत नाहीत. '१२ ते २४' लिहिलेला असेल तर खुशाल लावा. मोटारसायकलच्या बॅटरीला तर हातच लावू नका, बातम्या दिसतील पण सकाळी किक मारत बसाल.

छत्री लावणे

माणूस बोलावला तर तो अर्ध्या तासात लावून जातो. पण छत्री वस्तीवरून घरी, घरून वस्तीवर न्यायची असेल तर स्वतः शिकलेलं बरं. अवघड नाही, घाई मात्र चालत नाही.

१. आधी बूड. १५ लिटरच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात लोखंडी पाइप उभा धरून काँक्रीट भरा. पाइपाला ओळंबा लावून बघा. पाइप जरा जरी कलला असेल तर पुढची सगळी मापं खोटी ठरतात. लोकांची अर्धी दुपार इथंच जाते आणि शिव्या मात्र डब्याला बसतात.

२. दिशा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. सोलापुरातून तो आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर १३४ अंशांच्या आसपास. मोबाईलचं होकायंत्र पत्र्याजवळ किंवा पाइपाजवळ धरू नका, लोखंडानं सुई फसते. चार पावलं लांब उभे राहून समोरची एखादी खूण पकडा. होकायंत्र नसेल तर अक्कलकोटकडं तोंड करा, हात लांब करून मूठ धरा आणि तिथून दीड मूठ उजवीकडं सरका. बहुतेक खासगी कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, त्यांच्या छत्रीला हे माप लावू नका आणि शेजाऱ्याची छत्री बघून नक्कलही करू नका.

३. उंची. ६१ अंश, म्हणजे क्षितिजापासून साधारण सहा मुठी वर. ब्रॅकेटवर आकडे कोरलेले असतात, त्यावर लावा. ताटली एवढी वर बघत नाही असं वाटेल. घाबरू नका, एलएनबी मध्यभागी नसून खालून येते, म्हणून ताटली दिसते त्यापेक्षा वर बघत असते. त्या रेषेत झाड येत नाही ना ते बघा. आमची पहिली जागा लिंबाच्या आड होती. पानगळीत लावली तेव्हा चित्र काचेसारखं, चैत्रात पालवी फुटली आणि चॅनेलं एकेक करत गेली.

४. वायरीचं टोक. छत्रीपासून डब्यापर्यंतची वायर सोलताना मधली तांब्याची तार पिनेबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवा. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी त्या तारेला शिवला तरी पडद्यावर 'नो सिग्नल'. डब्याची वीज बंद ठेवूनच हे करा.

५. शोध. डब्याच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून खूश होऊ नका. नुसती एलएनबी जोडली तरी ती वर जाते, छत्री गोठ्याकडं बघत असली तरी. खरी पट्टी क्वालिटीची. एकानं पडद्याजवळ बसायचं, दुसऱ्यानं छत्री बोटभर सरकवून तीन-चार सेकंद थांबायचं, कारण डबा उशिरा ओळखतो. भरभर फिरवणारा उपग्रहावरून दहा वेळा जातो आणि त्याला कळतही नाही. क्वालिटी उठली की उंची किंचित खाली-वर करा, मग एलएनबी तिच्या पकडीत थोडी गोल फिरवा. सगळ्यात जास्त आकड्यावर नट आवळा, पण आलटून-पालटून. एकच आवळला तर छत्री वळते.

६. खूण. आता ऑइलपेंटनं पाइपावर आणि ब्रॅकेटवर मिळून एक सरळ रेघ मारा, आणि तेलाच्या डब्याच्या चारी कोपऱ्यांशी जमिनीवर दगड पुरा. पुढच्या वेळी रेघेला रेघ जुळवली की पाच मिनिटांत चित्र. आमच्याकडं आता आप्पा एकटे लावतात, मला फोनही येत नाही.

जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन-चौकोन होऊन थांबतं. छत्रीला हात लावू नका, सर ओसरली की आपोआप येतं. परतीच्या पावसात नेमकं तेव्हाच पत्र्यावर चढून नट ढिले करणारे लोक मी पाहिलेत, नंतर दोन दिवस उपग्रह शोधत बसतात.

उन्हाळ्यात

आत लिथियमची बॅटरी असलेला सेट दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर असतं, बंद गाडीत किती होत असेल याचा अंदाज करा. चार्जिंगही रात्री किंवा पहाटे. पाठ फुगल्यासारखी वाटली, सेट टेबलावर सपाट बसेना, तर चार्जिंगला लावूच नका, दुरुस्तीवाल्याकडं न्या. महिनाभर वापर नसेल तर लिथियमची बॅटरी अर्धी भरून ठेवायची, शिशाची (ती यूपीएसवाली) मात्र पूर्ण भरून.

तो १० इंची सेट अजून चालतो. त्याच्या त्या बारीक भोकातून फ्री डिशचा डबा जोडलाय, बाजेच्या पायथ्याशी खुर्चीवर असतो. अँटेनाची दांडी मी कधीच काढून टाकली, डास मारायच्या बॅटशी सारखी अडकत होती.