मल्टिपल स्क्लेरोसिस असताना घरचा व्यायाम कसा करावा

या आजारात मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब होते, त्यामुळे शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी काहींची दृष्टी धूसर होते किंवा पाय जड पडतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवले होते. शरीर थंड झाले की हा त्रास ओसरतो, म्हणून घाबरून व्यायाम सोडू नये.

फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम सकाळी लवकर, पंख्याखाली करावा आणि त्याआधी गार पाण्यात पिळलेला पंचा मानेवर ठेवावा. उठ-बस करताना खुर्ची भिंतीला टेकवावी, पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवावे, पुढे झुकून सावकाश उभे राहावे आणि बसताना धप्पकन न बसता मांड्यांवर भार पेलत खाली यावे. पाच वेळा झाल्यावर विश्रांती घ्यावी. पुरते थकण्यापूर्वी थांबणे हे माझ्या मते सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि घरच्यांनी त्याला कधीही आळस म्हणू नये.

चालताना पाऊल घासत असेल, तर घोट्याला आधार देणारे स्प्लिंट मापाने करून घ्यावे. नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकल्यास न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवावे.