लँडस्केप आर्किटेक्चरच्या पुरस्कारांसाठी प्रवेशिका कशी तयार करावी

प्रवेशिका भरायला बसण्यापूर्वी आपले काम नेमक्या कोणत्या गटात बसते हे ठरवावे, कारण पुष्कळ चांगली कामे चुकीच्या रांगेत उभी राहिल्यामुळे मागे पडतात. १८९९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्सच्या व्यावसायिक पुरस्कारांत सर्वसाधारण रचना, निवासी रचना, नागरी रचना, विश्लेषण व नियोजन, संशोधन असे वेगवेगळे गट असतात. १५ ते ५० वर्षे जुन्या कामांसाठी तेथे स्वतंत्र सन्मान आहे. मुंबईतले उदाहरण घ्यायचे तर कचराभूमीवर उभे राहून १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झालेले, माहीमच्या खाडीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. अशा जागेचे मोल कालच्या बागेशेजारी ठेवून कळत नाही, ते तिथल्या झाडांच्या वाढलेल्या वयात असते. बार्सिलोनाच्या लँडस्केप बिएनालेमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या सोहळ्यात, रोझा बार्बा या मुख्य पारितोषिकाबरोबर शिक्षणसंस्थांच्या कामांनाही स्वतंत्र स्थान असते. आयएफएलए या लँडस्केप आर्किटेक्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर जेफ्री जेलिको पुरस्कार मात्र आयुष्यभराच्या कार्यासाठी असल्याने एखाद्या प्रकल्पाची प्रवेशिका घेऊन तिकडे जाता येत नाही. भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी नासा इंडिया या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची, लँडस्केप आर्किटेक्ट मोहम्मद शाहीर यांच्या नावाची लँडस्केप ट्रॉफी आहे. तिथे महाविद्यालयाचा गट म्हणून उतरायचे असते, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच कामाची वाटणी करून घ्यावी.

गट ठरल्यावर छायाचित्रांचे वेळापत्रक आखावे. मुंबईतल्या जागेला दोन चेहरे असतात आणि परीक्षकांना बहुधा एकच, ऑक्टोबरमधला हिरवागार चेहरा दाखवला जातो. एकाच ठिकाणी उभे राहून मे महिन्यात आणि जुलैच्या मुसळधार पावसात घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि किती वेळात ओसरते हे आपोआप दिसते. शिवाय जुलै निघून गेल्यावर ते छायाचित्र कितीही पैसे मोजून मिळत नाही. ड्रोन वापरायचा असल्यास विमानतळाभोवतीचे निर्बंध आणि मुंबई पोलिसांचे त्या वेळी लागू असलेले मनाई आदेश आधी तपासावेत. गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीची किंवा मालकाची लेखी परवानगी आणि छायाचित्रकाराकडून वापराचे हक्क हे कागदही याच टप्प्यावर हातात असावेत.

सर्वांत जास्त कष्ट सेक्शनवर, म्हणजे जागा उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रावर घ्यावेत, कारण रेंडर म्हणजे संगणकावरचे देखणे चित्र सुंदर करणारे अनेक भेटतात आणि सेक्शन खरा काढणारे थोडे. पोडियमवरच्या, म्हणजे इमारतीच्या पार्किंगच्या छतावरच्या बागेचे उदाहरण घेऊ. खाली पार्किंग, वर स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, पाणी वाहून नेणारा थर, फिल्टर कापड आणि मग माती, एवढे सगळे मापांसह दिसले पाहिजे. भिजलेल्या मातीचा एक घनमीटर साधारण दीड ते दोन टन भरतो. त्यामुळे मोठे झाड कुठे लावले, मातीची खोली तिथे किती वाढवली आणि तो भार कोणत्या कॉलमवर नेला हे दाखवणारे एक चित्र पानभर मजकुराचे काम करते. खाडीकाठच्या जागेत भरतीची रेषा दाखवली नसेल तर जाणकार परीक्षकाची नजर तिथेच अडते.

मिठी नदीवरच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी प्रकल्पात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाचा आकडा असतो, आणि पुढे त्याचे काहीच होत नाही. आकडा दिला की हिशेबही द्यावा. एक हेक्टर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी होते. त्यातले किती मुरेल, किती तळ्यात थांबेल आणि उरलेले भरतीच्या वेळी कुठे जाईल, हे सांगता आले म्हणजे रचना समजली असे मानता येते. वर्षभराच्या थीसिसची सगळी शीट्स कोंबण्यापेक्षा असा एक प्रश्न निवडून त्याभोवती प्रवेशिका बांधावी.

झाडांच्या यादीकडे वनस्पतिशास्त्र जाणणारा परीक्षक बारकाईने पाहतो. रस्तोरस्ती दिसतात म्हणून गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांना देशी म्हणू नये. पहिला मादागास्करचा, दुसरा अमेरिका खंडातला. समुद्राजवळ उंडी, भेंड, करंज आणि अन्यत्र तामण किंवा बकुळ निवडले असतील, तर शास्त्रीय नावाबरोबर निवडीचे कारणही एका ओळीत द्यावे.

मजकूर शेवटी लिहावा आणि तो कोरडा ठेवावा. ‘निसर्गाशी नाते जोडणारी शाश्वत रचना’ हे वाक्य कोणत्याही बागेला चिकटवता येते. ‘पूर्वी गटारात जाणारे गच्चीचे पाणी आता खेळाच्या मैदानाखालच्या टाकीत साठते’ हे एकाच बागेचे असते. अनेक स्पर्धांत परीक्षकांपासून नावे लपवलेली असतात, म्हणून शीटच्या कोपऱ्यातला ऑफिसचा किंवा कॉलेजचा लोगो, फाइलचे नाव आणि छायाचित्रातला प्रकल्पाचा फलकही तपासावा. श्रेयनामावली वेगळ्या अर्जात जाते. तीत माळीकाम करणारा कंत्राटदार, सर्वेक्षक, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि विद्यार्थी असल्यास मार्गदर्शक यांची नावे संबंधितांना विचारून घालावीत.

अंतिम मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे हेही पाहावे. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री ११.५९ ची मुदत मुंबईत उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२९ ला आणि हिवाळ्यात १०.२९ ला संपते. शुल्क परदेशी चलनात असल्यास कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना, याची खात्री आदल्या आठवड्यातच करून घ्यावी.