दोन विमानतळांमधलं अंतर काढताय? या चुका टाळा

लांबच्या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर चुकलं की आधी फॉर्म्युल्यावर संशय जातो, पण फॉर्म्युला बहुतेक वेळा बरोबरच असतो, गडबड असते त्यात टाकलेल्या आकड्यांत. म्हणून तपासायला सुरुवात तिथूनच करा.

सगळ्यात जास्त घोळ अंश-मिनिटांचा होतो. ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.३८ नाही, ३८ ला ६० ने भागायचं, म्हणजे ४०.६३ येतं. एवढ्याशा चुकीने विमानतळ २८ किलोमीटर सरकतो. तसंच पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश मायनसमध्येच टाकायचे, न्यूयॉर्कचा मायनस राहिला की ते थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतं. काही फाइल्समध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, तेही एकदा बघून घ्या.

एक्सेलमध्ये करत असाल तर साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, आधी त्यांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करा. आणि अटॅन-टू (ATAN2, कोन काढणारं) फंक्शनमध्ये एक्सेल एक्स आधी घेतं, बहुतेक प्रोग्रामिंग भाषा वाय आधी घेतात, त्यामुळे कुठूनतरी कोड उचलून जसाच्या तसा चिकटवला की उत्तर भलतंच येतं आणि एररही दिसत नाही!! उत्तर साधारण २०,००० किलोमीटरच्या वर गेलं तर नक्की चुकलंय, कारण पृथ्वीवर कुठलेही दोन बिंदू यापेक्षा लांब नसतात.

नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजू नका. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्या अक्षांशाने गेलं तर सुमारे ५,९४० किलोमीटर होतात, पण ग्रेट सर्कलने, म्हणजे गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेने, वर उत्तरेकडून वळून गेलं तर ५,७६० च्या आसपास. ऑकलंड ते लॉस एंजेलिससारख्या मार्गावर रेखांशांची नुसती वजाबाकी २९३ अंश येते, खरा फरक ६७ अंशांचा आहे. हॅवरसाइन फॉर्म्युला (अक्षांश-रेखांशांवरून ग्रेट सर्कल अंतर काढणारा) हे आपोआप सांभाळतो, साधी वजाबाकी नाही.

दोन वेबसाइट्सची उत्तरं जुळत नसतील तर आधी युनिट बघा, नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ चा. मग विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा, एसजेसी कॅलिफोर्नियातलं सॅन होजे आणि एसजेओ कोस्टा रिकातलं. तरीही अर्धा टक्क्यापर्यंत फरक उरला तर घाबरू नका, एकाने पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरलीये आणि दुसऱ्याने ध्रुवांवर चपटी.

आणि प्लीज, या अंतरावरून फ्लाइटचा वेळ ठरवू नका. वारा आणि बंद हवाई हद्द यात धरलेलीच नसते. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो फ्लाइट साडेनऊ तासांवरून १३ तासांच्या आसपास गेली, दोन विमानतळांमधलं अंतर मात्र एक किलोमीटरनेही बदललं नव्हतं.