ड्रम अँड बास ऐकायचंय? आधी ताशाकडे दुर्लक्ष करा

पुण्यात ड्रम अँड बास या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची ओळख करून घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास दोन सल्ले मिळतात. 'आवाज वाढव, मग कळेल' आणि 'पार्टीला ये, मग कळेल'. मी दोन्ही करून पाहिलं. पहिल्यानं कान दुखले, दुसऱ्यानं पाय. कळलं काहीच नाही. वीस-एक वर्षं ऐकल्यावर आणि डझनभर मित्रांना ऐकायला शिकवल्यावर सांगतो, अडचण आवाजाची नसते. मोजणीची असते. ती एकदा सुटली की बाकीचं आपोआप होतं, म्हणून या लेखातला निम्मा मजकूर मोजणीवरच आहे.

हेडफोन

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. यातला खालचा बास, म्हणजे खर्जाचा आवाज, 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास वावरतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. फोनवर ड्रम अँड बास म्हणजे डग्गा घरी विसरून आलेल्या तबलजीची साथ. कान झाकणारा साधा वायरवाला हेडफोन पुरतो. 'बास बूस्ट' नावाचं बटण असेल तर ते बंद करा. त्यानं बास वाढत नाही, चिखल होतो.

पहिला ट्रॅक

एकच निवडा आणि आठवडाभर तोच ऐका. 'सर्वोत्तम शंभर' असल्या याद्या लावू नका. शंभर अनोळखी माणसांना एका संध्याकाळी भेटून कुणाचाच चेहरा लक्षात राहत नाही. सुरुवात 'लिक्विड' म्हणतात त्या प्रकारापासून करा. त्यात पियानो असतो, गाणारा आवाज असतो, धरायला काहीतरी सापडतं. कॅलिबर किंवा हाय कॉन्ट्रास्ट या कलाकारांचं काहीही चालेल.

मोजणी

आता मुद्द्याचं.

ड्रम अँड बासची लय मिनिटाला 160 ते 180 ठोक्यांची, हल्ली बहुतेक वेळा 174 च्या आसपास. हा आकडा वाचून नवा माणूस 174 नं मान हलवायला जातो. मीही गेलो होतो. कोथरूड डेपोच्या बसमध्ये, खिडकीजवळ बसून, हेडफोन लावून. डेक्कन यायच्या आत मान आखडली आणि शेजारच्या आजोबांनी 'बरं वाटत नाहीये का?' म्हणून पाण्याची बाटली पुढे केली.

लाज जास्त वाटली ती वेगळ्याच कारणानं. मी तेव्हा एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होतो. हातात दोन काड्या घेऊन तासन्‌तास तडतड करणारा माणूस, त्याला लय सापडू नये? पण घोळ नेमका तिथेच होता. मी ताशेवाल्याच्या कानानं ऐकत होतो. वरची सगळी तडतड, म्हणजे हाय-हॅटची (ड्रम सेटमधल्या झांजांच्या जोडीची) किसकिस आणि स्नेअरच्या (काडीनं वाजणाऱ्या कडक ड्रमच्या) मधली बारीक नक्षी, एकेक मोजायला जात होतो. मिरवणूक मात्र कधीच ताशाच्या वेगानं चालत नाही. ताशा कितीही फुटला तरी लक्ष्मी रोडवर पावलं पडतात ती ढोलाच्या ठेक्यावर. ड्रम अँड बासमध्येही दोन वेग एकाच वेळी चालू असतात, वर धावणारा आणि खाली चालणारा. आपण खालच्याबरोबर राहायचं.

म्हणून 174 विसरा आणि 87 धरा. बरोबर निम्मं. सत्त्याऐंशी म्हणजे जेवणानंतरच्या शतपावलीची चाल.

आता ठेका. नेहमीच्या ड्रम अँड बासचं एक आवर्तन आठ मात्रांत मांडलं तर असं दिसतं:

धुम् ऽ टाक् ऽ । ऽ धुम् टाक् ऽ

धुम् म्हणजे पायानं वाजणारा किक ड्रम, टाक् म्हणजे स्नेअर. टाक् तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो, आणि तो सहसा जागा सोडत नाही. धुम् मात्र लबाड आहे. पहिला समेवर येतो, दुसरा पाचव्या मात्रेवर यायला हवा असं वाटतं, पण तो तिथे येत नाही, एक मात्रा उशिरा सहाव्यावर पडतो. सगळा झोका त्या रिकाम्या पाचव्या मात्रेत आहे. ज्यांनी केरवा वाजवलाय त्यांच्या लक्षात आलं असेल, आठ मात्रांच्या केरव्यात पाचवी मात्रा खालीचीच. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला उपयोगी. (याचा अर्थ 'हे सगळं आपल्याकडूनच गेलं' असा काढून कृपया कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. हे संगीत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये घडलं, अमेरिकी फंकचे ड्रम आणि जमैकाच्या साउंड सिस्टिमचा (रस्त्यावरच्या पार्ट्यांतल्या अजस्र स्पीकरांचा) बास यांच्या जोडणीतून. आपल्याकडचा तबला त्यात नंतर मिसळला. तबलावादक तलविन सिंगच्या अल्बमला 1999 साली ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला तो या मिसळीसाठी.)

करायचं असं. हेडफोन लावा आणि गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात चालायला लागा. पहिल्या दिवशी धुम् कडे अजिबात लक्ष द्यायचं नाही. प्रत्येक टाक् ला एक पाऊल, एवढंच. डावा टाक्, उजवा टाक्. मिनिटभरात पावलं जुळतात. जुळली नाहीत तर तुम्ही मधली किसकिस मोजताय. थांबा, पुन्हा सुरू करा. बसून टाळी देऊनही हे जमतं म्हणणारे लोक आहेत. मी ज्यांना शिकवलं त्यांतल्या एकालाही बसून जमलं नाही. हात ताशाच्या मागे पळतात, पाय पळत नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सम शोधा. इथे माझे सहा महिने गेले, म्हणून जरा सावकाश वाचा. सहाव्या मात्रेचा धुम् आणि सातवीचा टाक् एकमेकांना चिकटून येतात, 'धुम्-टाक्'. कानाला ही जोडी सुरुवातीसारखी वाटते, कारण ती ठसठशीत आहे. मी ती जोडीच सम धरून बसलो होतो. मग सगळा ट्रॅक उलटा ऐकू येतो, गायिका भलत्याच ठिकाणी शब्द टाकतेय असं वाटतं आणि आपण म्हणतो, काय बेताल लोक आहेत! बेताल आपण असतो. सम ओळखायची खूण अशी की बास जिथे सूर बदलतो किंवा मोठी झांज जिथे फुटते, ती बहुतेक वेळा सम. गाण्याची ओळ ऐकून सम पकडू नका, गाणारे समेच्या आधी उठतात. बासकडे ऐका. एकदा खरी सम धरता आली की तोच ट्रॅक सरळ उभा राहतो, उलटा घातलेला सदरा नीट घातल्यासारखा. त्या दिवशी मी संभाजी पुलावर होतो. पूल संपला तरी परत फिरून पुन्हा एकदा पलीकडे गेलो.

एक इशारा. काही ट्रॅकमध्ये टाक् आवर्तनात एकदाच, पाचव्या मात्रेवर येतो. त्याला हाफटाइम म्हणतात. त्यात टाक् ला पाऊल टाकायला गेलात तर मध्येच एका पायावर उभे राहाल. हे ट्रॅक वाईट नाहीत, पण पहिल्या महिन्यात नकोत.

जंगल

नेहमीचा ठेका पायात बसल्यावर मागे जाऊन 'जंगल' नावाचा जुना प्रकार ऐका. ड्रम अँड बास त्यातूनच निघालं. इथे धुम्-टाक् चा ठरलेला साचा नसतो, खऱ्या ड्रमरचं वादन कापून, तुकडे उलटसुलट लावून वेगानं पळवलेलं असतं. त्यातला सर्वांत जास्त कापला गेलेला तुकडा 1969 सालचा, द विन्स्टन्स या अमेरिकी बँडच्या 'आमेन, ब्रदर' मधला. चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंदं. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. त्या सात सेकंदांवर हजारो ट्रॅक उभे राहिले आणि कोलमनला त्याचा पैसा मिळाला नाही. तो 2006 मध्ये वारला.

मूळ तुकडा आधी ऐका. कुणीही हे सांगत नाही, थेट जंगलच ऐकायला लावतात, आणि मग नवा माणूस पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखा गोंधळतो. मूळ तुकड्यात पहिली दोन आवर्तनं सारखी आहेत, तिसऱ्यात एक टाक् मागे सरकतो, चौथ्यात सगळं हलतं आणि मोठी झांज फुटते. ही झांज ओळखता यायला लागली की कुठल्याही जंगल ट्रॅकमध्ये ती ओळखीच्या माणसासारखी भेटत राहते. तुकडे कितीही कापलेले असोत, आपण कुठे आहोत ते कळतं.

बास

बासबरोबर गुणगुणा. तोंड मिटून, खालच्या सुरात. दोनच प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ. एक गोल, गुळगुळीत, डग्ग्यावर मनगट घासून काढलेल्या घुमाऱ्यासारखा. दुसरा खरखरीत, आतल्या आत लाटा मारणारा. त्याला 'रीस' म्हणतात. डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसननं 1988 मध्ये रीस या नावानं काढलेल्या ट्रॅकमधून तो आला. तंत्र सोपं आहे, एकाच सुराच्या दोन आवाजांपैकी एक किंचित बेसूर करायचा. तंबोऱ्याची जोडीची तार जराशी उतरलेली असताना जी हेलकाव्याची गुंजन ऐकू येते, तीच ही. आपण ती खुंटी पिळून घालवतो, हे लोक मुद्दाम ठेवतात.

ड्रॉप

ड्रॉप म्हणजे सुरुवातीच्या तयारीनंतर पूर्ण ठेका आणि बास एकदम सुरू होतात तो क्षण. तो शोधणं सोपं आहे, घड्याळ लावून बघा. 174 च्या लयीत सोळा आवर्तनांना साधारण 22 सेकंदं लागतात आणि बहुतेक मोठे बदल सोळाच्या पटीत होतात. म्हणून ड्रॉप पुष्कळदा 44 व्या सेकंदाच्या किंवा दीड मिनिटाच्या आसपास येतो. सुरुवातीचा तो लांबलचक कोरडा भाग डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये हा मिसळता यावा म्हणून असतो. तो पुढे ढकलून थेट ड्रॉपवर उडी मारू नका. आलाप वगळून तिहाई ऐकण्यात काय हशील?

पुढे काय ऐकावं

दोन अल्बम: 1995 चा गोल्डीचा 'टाइमलेस' आणि रोनी साइझ-रेप्रझेंटचा 'न्यू फॉर्म्स', ज्याला 1997 चा मर्क्युरी मिळाला. पहिल्यात तारवाद्यांचा पसारा आहे, दुसऱ्यात खराखुरा कॉन्ट्राबास. दोन्ही पूर्ण ऐका. त्यानंतर अंधारात शिरायचं असेल तर एड रश आणि ऑप्टिकल ही जोडी. याला न्यूरोफंक म्हणतात, आणि ते सकाळच्या चहाबरोबर ऐकायचं नसतं.

शेजारच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. डबस्टेप दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचं, लय 140, पण चालतं 70 नं. मोजणी हाफटाइमसारखी. गराज 130 च्या आसपास, ठेका लंगडत लंगडत छान चालतो. शिकागोचं फुटवर्क 160, आणि ते ऐकताना ताशेवाल्यांनी खुशाल जुने कान लावावेत. माझं मत विचाराल तर वर्षभर यांच्या वाटेला जाऊ नका. मोजणी पक्की व्हायच्या आत चार लयींत पाय टाकला की एकही बसत नाही.

बाहेर ऐकायला जाताना

औषधाच्या दुकानातले फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. कापसाचे बोळे नकोत, त्यानं कान वाचत नाही. स्पीकरसमोर उभे राहू नका, डीजेच्या मिक्सिंग टेबलासमोरही नको. ध्वनी सांभाळणाऱ्याचं टेबल जिथे असतं तिथे, त्याच्या पुढ्यात उभे राहा. त्याला जे ऐकू येतं तेच नीट असतं. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल तर आदल्या रात्री चुकलंय.

घरी सबवूफर आणणार असाल तर

कोपऱ्यात ठेवू नका. दोन भिंती आणि जमीन मिळून बास फुगवतात, एकच सूर घोंघावत राहतो आणि बाकीचे दिसेनासे होतात. जमिनीवर थेटही नको, खाली जाड रबर किंवा फोम घाला. बारीक आवाज भिंतीत मरतात, खालचा बास मरत नाही, तो स्लॅबमधून उतरतो. मी हे शिकलो ते एका रविवारी दुपारी. आवाज बेतानंच ठेवला होता, माझ्या खोलीत तर बोलणंही ऐकू येत होतं. दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, हातात स्टीलचं ताट.

"अरे, मांडणीतली ताटं वाजतायत दुपारपासून. मला वाटलं भूकंप."

मी आत जाऊन बंद केलं. काकू दारातच थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मधे मधे थांबत होतं ते काय होतं? थांबलं की जास्त धडकी भरायची."

पाचवी मात्रा, काकू.