बायोडायनॅमिक वायनरी बघायला जाताय? आधी पंचांग बघा, मग खताच्या ढिगाकडे जा

इंदूरातल्या आपल्या बऱ्याच घरांतले आई-बाबा सुट्टीत मुलांकडे जर्मनी नाहीतर फ्रान्सला जातात आणि मुलं हौसेने एखादी वायनरी दाखवायला नेतात. मोठी असली तर चकाचक बिल्डिंग, गाइड, चार ग्लास, फोटो, झालं. माझं म्हणणं, जायचंच तर घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या बायोडायनॅमिक वायनरीत जा (बायोडायनॅमिक म्हणजे चंद्र-राशी बघून आणि शेणाची खास खतं वापरून केलेली सेंद्रिय शेती), आणि तिथे वाइनच्या आधी माती बघा. आपल्या लोकांना ते काम चटकन कळतं, वाइन कधी प्यायली नसली तरी.

जागा म्हणाल तर फ्रान्सचा अल्सास भाग सगळ्यात सोयीचा, असे शेतकरी तिथे भरपूर आहेत. फ्रांकफुर्टहून स्ट्रासबुर्गला थेट ट्रेनने दोनेक तास आणि पुढे कोलमार अर्धा तास. गाडी नका घेऊ, तिथे चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि चार-पाच घोटांनंतर कोण मोजत बसणार. आधी ईमेल करून वेळ ठरवा, न सांगता दारात उभं राहू नका, तो माणूस बहुतेक शेतात असतो. दुपारी १२ ते २ जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टीच. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालू असते तेव्हा त्यांना बोलायला पण वेळ नसतो, म्हणून एप्रिल ते जून बरं.

आता पंचांग. ही शेतीपद्धत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून सुरू झाली, आणि चंद्र कुठल्या राशीत आहे त्यावरून कामाचे दिवस ठरवायचं कॅलेंडर नंतर जर्मनीच्या मारिया थून यांनी बसवलं. मेष, सिंह, धनू म्हणजे अग्नीच्या राशी, त्यात चंद्र असला की फळाचा दिवस, म्हणजे फळासाठी घेतलेल्या पिकांची कामं तेव्हा करायची. वृषभ, कन्या, मकर मुळाचा. मिथुन, तूळ, कुंभ फुलाचा. कर्क, वृश्चिक, मीन पानाचा. आणि गंमत बघा, हे कॅलेंडर आकाशातल्या खऱ्या तारकासमूहांवर चालतं, म्हणजे पेपरात येणाऱ्या पाश्चात्त्य सनसाइनपेक्षा ते आपल्या निरयन पंचांगाच्या कितीतरी जवळचं आहे. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये चंद्ररास बघा, तिकडे त्या दिवशी काय चाललं असेल याचा अंदाज येतो. अगदी तंतोतंत नाही जुळणार कारण आपल्या राशी सारख्या ३०-३० अंशांच्या आणि त्यांच्या लहान-मोठ्या, कन्येत चंद्र बराच रेंगाळतो आणि तुळेतून पटकन निघतो, शिवाय आपल्या आणि त्यांच्या घड्याळातला फरक आहेच. राहू-केतू पण आहेत बरं का, म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू! चंद्र त्या बिंदूंपाशी आला की तेवढे तास कॅलेंडरमध्ये काम बंद, ग्रहणात पण तसंच. उज्जैनच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, आणि हे तुम्ही त्या शेतकऱ्याला सांगितलंत ना तर तो तुम्हाला टूरिस्ट समजणं सोडून देतो.

पोचल्यावर टेस्टिंग रूममध्ये शिरू नका. सरळ विचारा, खत कुठे करता? खरी भेट तिथून सुरू होते. गाईच्या शिंगात ताजं शेण भरून सप्टेंबरच्या शेवटी वगैरे जमिनीत पुरतात आणि ईस्टरच्या सुमारास उकरून काढतात, आपल्याकडे एमपीत सेंद्रियवाले यालाच सींग खाद म्हणतात. उघडलेलं शिंग हातात घेऊन बघाच, आत काळपट, मऊ, चुरा होणारं काहीतरी असतं आणि शेणाचा वास औषधालाही नाही, पहिल्या पावसानंतर झाडाखालची माती उकरल्यावर येतो तसला वास. एका हेक्टरला जेमतेम १०० ग्रॅम, ३०-४० लिटर पाण्यात. ते पाणी पिंपात काठीने तासभर ढवळायचं, मधोमध खोल भोवरा पडेपर्यंत एका दिशेने, मग एकदम उलट दिशेने, पाणी खवळतं, परत भोवरा. ढवळताना सापडला तर म्हणा की मला पण पाच मिनिटं द्या. बहुतेक जण आनंदाने देतात आणि पाचव्या मिनिटाला खांदा बोलायला लागतो.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्या, यातल्या काही खतांत हरणाचं मूत्राशय, गाईचं आतडं असले अवयव वापरतात, आणि वाइन निवळायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासूनचा पदार्थ घालतात. विचारलं तर कोणी वाईट मानत नाही.

मग वेलींमध्ये चला. शेजारच्या साध्या बागेची आणि याची जमीन समोरासमोर बघा, ओळींमध्ये गवत-फुलं आहेत का, माती ढेकळांची आहे की भुसभुशीत, फावडं मारल्यावर गांडुळं दिसतात का. आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचं औषध, किती मारलं ते नक्की विचारा. बुरशीसाठी बायोडायनॅमिकवाले पण तांबं मारतातच, युरोपात सेंद्रिय शेतीला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. जो आकडा सरळ सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवा, जो फक्त चंद्राच्या गोष्टी सांगतो त्याच्यावर थोडा कमी.

टेस्टिंग सगळ्यात शेवटी. फळाच्या दिवशी वाइन छान लागते आणि मुळाच्या दिवशी बंद-बंद लागते असं तुम्हाला सांगतील. न्यूझीलंडमध्ये १९ जाणकारांना १२ पिनो न्वार (एका काळ्या द्राक्षाच्या) वाइन फळाच्या आणि मुळाच्या दिवशी चाखायला दिल्या होत्या, २०१७ मध्ये ते छापून आलं, फरक काही निघाला नाही. म्हणून मी म्हणते दिवसासाठी ट्रिप पुढे ढकलू नका. पण त्या कॅलेंडरमुळे तो माणूस रोज बागेत जातो, रोज आकाश आणि पान बघतो, ती नजर मला फार मोलाची वाटते.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं तिथे अगदी रीतीचं आहे, लाजू नका. रीसलिंग या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करा, गोड सगळ्यात शेवटी. अत्तर लावून जाऊ नका, मग कोणालाच वाइनचा वास कळत नाही. निघताना निदान एक बाटली घ्याच, टेस्टिंग फुकट असलं तर जास्तच आठवणीने. भारतात माणशी २ लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे दोन बाटल्या आरामात, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून. आणि इंदूरला आल्यावर शोकेसमध्ये मांडू नका, यात बऱ्याचदा सल्फाइट (वाइन टिकवणारा पदार्थ) कमी असतं आणि आपल्या मे महिन्यात ती खराब होईल, सरळ फ्रिजमध्ये आडवी ठेवा.